एक्सएमएलमध्ये घटकांचा क्रम: कुठे पाळायचा, कुठे सोडून द्यायचा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्याकडे मी बिलिंगचं काम करायचो, तेव्हाची गोष्ट. आंबिया बहाराचा माल निघत होता. गाड्या रात्री भरायच्या आणि परराज्यातल्या खरेदीदाराकडे गाडीच्या आधी बिल पोहोचलं पाहिजे, अशी अट होती. बिल जायचं एक्सएमएल फाइलीतून, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाचे टॅग लावलेल्या मजकुराच्या फाइलीतून. पहिल्या रात्री पाठवलेली सगळी बिलं परत आली. नावं बरोबर, नग बरोबर, बेरीज बरोबर. तीनदा ताडून पाहिलं. शेवटी कळलं की आमच्या प्रोग्रामने रकाने अकारविल्हे लावले होते. 'एकूण' सगळ्यात वर आणि 'विक्रेता' सगळ्यात खाली. समोरच्या यंत्रणेला विक्रेता आधी हवा होता.

शेठ म्हणाले, "बाबू, माल तोच, पेट्या त्याच, मंग रकाने खालीवर झाल्यानं बिघडलं काय?"

प्रश्न रास्त होता. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. एक म्हणे एक्सएमएलमध्ये क्रमाला काही अर्थ नसतो, दुसरा म्हणे क्रम चुकला की फाइल गेलीच. दोघंही खरं बोलत होते, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. ज्यांच्या हाती अशी फाइल पहिल्यांदाच पडली आहे, त्यांचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- समोरच्याने दिलेली स्कीमा फाइल, म्हणजे कुठले रकाने, किती वेळा, कुठल्या क्रमाने यावेत याची नियमावली. बहुतेक वेळा ती एक्सएसडी असते, जुन्या कामांत डीटीडी. ती कुठल्या आवृत्तीची आहे हेही विचारून घ्या.
- समोरच्याकडे खरोखर पास झालेली एक फाइल. माहितीपुस्तिकेतला नमुना चालत नाही. पुस्तिका एका आवृत्तीची आणि यंत्रणा दुसऱ्या आवृत्तीची, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.
- स्कीमाशी ताडून पाहणारा एडिटर. नोटपॅड प्लस प्लसला एक्सएमएल टूल्स हे प्लगइन जोडता येतं. व्हीएस कोडला रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेंशन आहे, ते टाइप करतानाच चुकीखाली लाल रेघ ओढतं.
- कमांड चालवायची सवय असेल तर एक्सएमएल-लिंट. त्यात 'नोआउट' आणि 'स्कीमा' हे दोन पर्याय देऊन फाइल तपासता येते. फुकट आहे आणि लिनक्सवर सहज मिळतं.
- कागद आणि पेन. का, ते तिसऱ्या पायरीवर कळेल.

पुढे सगळीकडे हाच नमुना वापरणार आहे:

<पावती क्रमांक="१०७" हंगाम="आंबिया">
  <विक्रेता>कळमन्याची अडत</विक्रेता>
  <खरेदीदार>परगावचा व्यापारी</खरेदीदार>
  <गाडी>ट्रक</गाडी>
  <माल प्रत="मोठी">२००</माल>
  <माल प्रत="मध्यम">१५०</माल>
  <एकूण>३५०</एकूण>
</पावती>

उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग आणि त्यांच्या मधलं सगळं मिळून एक घटक. टॅग देवनागरीत पाहून दचकू नका. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत चालतात, सगळ्या पार्सरना, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामना, ती वाचता येतात. आकड्यांचं मात्र तसं नाही. स्कीमाने एखादा रकाना पूर्णांक म्हणून जाहीर केला असेल तर तिथे इंग्रजी अंकच (0 ते 9) लागतात, देवनागरी '२००' नाकारला जातो. मी इथे फक्त वाचायच्या सोयीसाठी देवनागरी अंक लिहिलेत.

१. एका प्रश्नाचे तीन प्रश्न करा

'क्रमाने फरक पडतो का?' असं कुणी विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, फरक कुणाला पडतो?

पहिला प्रश्न भाषेचा. एक्सएमएल ही भाषा घटकांचा क्रम जपते का? जपते. एका घटकाच्या पोटातल्या घटकांची यादी ही क्रमवारच असते. कुठलाही धड पार्सर तुम्हाला विक्रेता, खरेदीदार, गाडी याच ओळीने देईल, मनाने खालीवर करणार नाही.

दुसरा प्रश्न नियमांचा. या विशिष्ट फाइलीसाठी लिहिलेली स्कीमा ठराविक क्रम मागते का? ते स्कीमा उघडल्याशिवाय कळत नाही.

तिसरा प्रश्न अर्थाचा. फाइल वाचणारा माणूस किंवा प्रोग्राम त्या क्रमातून काही समजून घेतोय का?

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरमिसळ झाली की. आमच्या पावतीत विक्रेता आधी की खरेदीदार आधी, याने मजकुराच्या अर्थात तिळभर फरक पडत नव्हता. शेठचं म्हणणं खरंच होतं. पण स्कीमाने क्रम बांधला होता. याच्या उलटही होतं. स्कीमा म्हणते 'माल' कितीही वेळा, कसाही येऊ द्या, आणि समोरचा माणूस पहिला 'माल' म्हणजे गाडीत सगळ्यात खाली ठेवलेला, असं धरून चालतो. तिथे स्कीमा गप्प बसते आणि घोटाळा गोदामात होतो.

२. अ‍ॅट्रिब्यूट बाजूला काढा

हे सगळ्यात सोपं, म्हणून आधीच उरकून घ्या. सुरुवातीच्या टॅगमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेली माहिती म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. आपल्या नमुन्यात 'क्रमांक' आणि 'हंगाम'. यांच्या आपसातल्या क्रमाला काहीही अर्थ नाही. एक्सएमएल १.० ची शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी आली आणि तिच्या आजच्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलं आहे. हंगाम आधी लिहा, क्रमांक आधी लिहा, फाइल तीच. कुठल्याही स्कीमाला अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम बांधताच येत नाही.

त्यामुळे दोन फायली मजकूर म्हणून शेजारी ठेवून ताडल्या आणि अ‍ॅट्रिब्यूटची जागा बदललेली दिसली, तर घाबरू नका. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या एलिमेंट-ट्री लायब्ररीत आवृत्ती ३.८ च्या आधी लिहिताना अ‍ॅट्रिब्यूट अकारविल्हे लागायचे, ३.८ पासून तुम्ही दिले त्याच क्रमाने राहतात. आवृत्ती बदलली आणि आमच्याकडे एका रात्रीत सगळ्या फायली 'बदललेल्या' दिसायला लागल्या. अर्धा दिवस वाया गेला.

एक फसवी जागा आहे, फाइलीची पहिली ओळ, म्हणजे आवृत्ती आणि एन्कोडिंग सांगणारी. तिथली माहिती दिसायला अ‍ॅट्रिब्यूटसारखीच असते, पण ते अ‍ॅट्रिब्यूट नव्हेत. तिथे आवृत्ती आधी, मग एन्कोडिंग, मग स्टँडअलोन हाच क्रम लागतो. शिवाय ती ओळ फाइलीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू व्हावी लागते. तिच्याआधी एक मोकळी ओळ किंवा एखादी स्पेस राहिली तरी पार्सर फाइल परत करतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर उचलून नव्या फाइलीत चिकटवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

३. स्कीमा उघडा आणि तीन शब्द शोधा

स्कीमा फाइल पाहून बावरायला होतं. सगळी वाचायची गरज नाही. आपल्याला हवे आहेत तीन शब्द: सीक्वेन्स, चॉइस आणि ऑल.

*सीक्वेन्स* दिसला की क्रम पक्का. त्याच्या पोटात जे घटक ज्या ओळीने लिहिलेत, तुमच्या फाइलीत त्याच ओळीने यायला हवेत. प्रत्यक्षात दहातल्या नऊ ठिकाणी तुम्हाला हाच भेटेल.

*चॉइस* म्हणजे यातला कुठलाही एक. पण चॉइसलाच 'कितीही वेळा' अशी मोकळीक दिली असेल, तर त्याचा अर्थ होतो 'काहीही, कुठल्याही क्रमाने, कितीही वेळा'. क्रमातून सुटका करायला स्कीमा लिहिणारे हीच युक्ती वापरतात. तिची किंमत म्हणजे 'विक्रेता नेमका एकदाच आला पाहिजे' हे मग स्कीमाला तपासता येत नाही.

*ऑल* म्हणजे सगळे या, पण कुठल्याही क्रमाने. ऐकायला हेच हवंसं वाटतं. पण एक्सएसडी १.० मध्ये ऑलच्या आतला प्रत्येक घटक जास्तीत जास्त एकदाच येऊ शकतो. आपल्या पावतीत 'माल' दोनदा आहे, म्हणजे ऑल बाद. २०१२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या एक्सएसडी १.१ ने ही अट सैल केली. अडचण एवढीच की एक्सएमएल-लिंट आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला तपासनीस (स्कीमाशी ताडून पाहणारा प्रोग्राम) अजून १.० च पाळतात. स्कीमा १.१ ची आहे का, हे आधी विचारा.

जुन्या डीटीडीत हेच चिन्हांनी लिहिलेलं असतं. स्वल्पविराम म्हणजे क्रमाने, उभी रेघ म्हणजे यापैकी एक.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण 'मुळात क्रम बांधलाच कशाला?' हा शेठचा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. एक्सएमएलची आई म्हणजे एसजीएमएल. तिच्यात 'कुठल्याही क्रमाने' सांगायला 'अँड'चं चिन्ह होतं. एक्सएमएल बनवताना ते काढून टाकलं, कारण तपासणाऱ्या प्रोग्रामवर त्याचा भार फार पडायचा. आकडेच पाहा. पाच घटक कुठल्याही क्रमाने लावायचे तर १२० तऱ्हा होतात. दहा घटक झाले की ३६,२८,८००. क्रम ठरलेला असला की तपासनिसाला फक्त 'आता पुढे कोण?' एवढंच विचारावं लागतं, आधी कोण येऊन गेलं याची वही ठेवावी लागत नाही. रिलॅक्स एनजी नावाची दुसरी एक स्कीमा भाषा आहे, तिने 'कुठल्याही क्रमाने' ही सोय परत आणली आणि तिथे ती नीट चालते. पण व्यापाराच्या कामात तुम्हाला एक्सएसडीच भेटणार.

आता कागद-पेन. मुख्य घटकाचा सीक्वेन्स शोधा आणि त्यातली नावं एकाखाली एक लिहून काढा. ज्यांच्यापुढे किमान संख्या शून्य आहे, त्यांच्यापुढे फुली मारा. हा कागद भिंतीला चिकटवा. खरंच सांगतोय. आमच्याकडे तो दोन हंगाम टेबलामागे होता.

हे करताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

फुली मारलेला घटक गाळता येतो, *हलवता* येत नाही. 'गाडी' ऐच्छिक असली तरी यायचीच असेल तर खरेदीदारानंतर आणि मालाच्या आधीच यायला हवी. नवीन मुलं 'ऐच्छिक आहे ना' म्हणून ती शेवटी टाकतात.

स्कीमा फाइलीत सगळ्यात बाहेरच्या पातळीवर जाहीर केलेल्या घटकांचा आणि प्रकारांचा क्रम पाहू नका. तिथे 'माल' आधी जाहीर झाला असेल आणि 'विक्रेता' दोनशे ओळींनंतर, तरी त्याला काही अर्थ नाही. खरा क्रम फक्त सीक्वेन्सच्या पोटात असतो. मी पहिला कागद नेमका याच चुकीने लिहिला होता.

तिसरी जागा जास्त गुंतागुंतीची. एखादा प्रकार दुसऱ्या प्रकाराला *वाढवून* केलेला असेल, म्हणजे तिथे 'एक्स्टेन्शन' हा शब्द दिसेल, तर मूळ प्रकारातले घटक आधी येतात आणि वाढवलेले त्यानंतर. आधी बापाचे, मग लेकाचे. लेकाचा घटक बापाच्या घटकांच्या मधे घुसवता येत नाही. मूळ प्रकार बहुधा दुसऱ्याच फाइलीत असतो, म्हणून तो नजरेतून सुटतो.

४. एरर जे म्हणते ते नाही, ती जिथे थांबली ते पाहा

क्रम चुकला की जावातल्या झर्सीस या पार्सरची एरर 'सीव्हीसी कॉम्प्लेक्स टाइप २.४.ए' अशा भयंकर नावाने सुरू होते. तिचा मराठीत अर्थ असा: "इथे 'गाडी' आली, ती चालत नाही, 'खरेदीदार' हवा होता."

नवखा माणूस वाचतो 'गाडी चालत नाही' आणि गाडीचा नंबर तपासत बसतो. गाडी निर्दोष आहे. तपासनीस वरून एकेक घटक ओलांडत येतो आणि ज्याच्यापाशी अडखळतो त्याचं नाव घेतो. चूक त्याच्याआधी झालेली असते. एकतर खरेदीदार गळला, किंवा तो खाली कुठेतरी जाऊन बसला. म्हणून संदेशातलं *दुसरं* नाव आधी वाचा, जे हवं होतं ते. मग ते तुमच्या फाइलीत शोधा. सापडलं तर क्रमाची चूक, नाही सापडलं तर गळतीची.

त्याच एररचे दोन भाऊ आहेत. २.४.बी म्हणजे घटक संपला, पण आत अजून काहीतरी यायचं बाकी होतं. २.४.डी म्हणजे आता इथे काहीच यायला नको होतं आणि तुम्ही आणखी एक घटक टाकलात.

कधीकधी संदेश वेड लावतो: "इथे 'माल' आला, 'माल' हवा होता." डोळे चोळू नका. दोन्हींपैकी एकाच्या मागे नेमस्पेसचा लांबलचक पत्ता लावलेला दिसेल. नाव एक, घराणं वेगळं. हा क्रमाचा प्रश्नच नाही. त्या घटकाची नेमस्पेस स्कीमाला हवी असलेल्या नेमस्पेसशी जुळत नाही.

मराठी टॅगांचा एक खास आपला सापळा आहे. 'शेतकऱ्याचे_नाव' असा टॅग असेल, तर त्यातला 'ऱ्या' संगणकावर दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकात खाली ठिपक्याचा 'ऱ', दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. उघडणारा टॅग एका कीबोर्डने आणि बंद करणारा दुसऱ्याने लिहिला, तर पार्सर म्हणतो टॅग जुळत नाहीत. टॅग नेहमी कॉपी करून चिकटवा. माझं मत विचाराल तर टॅगच्या नावात 'ऱ्या' येऊच देऊ नका, 'शेतकरी' पुरे.

एकावेळी एकच एरर दुरुस्त करा आणि परत तपासा. एका घटकाच्या पोटात क्रम एकदा चुकला की बहुतेक तपासनीस त्याच घटकातल्या पुढच्या चुका दाखवायचं सोडून देतात. एकच एरर दिसली म्हणजे एकच चूक आहे असं नाही.

५. क्रम हाच अर्थ आहे का?

स्कीमा पास झाली म्हणजे काम झालं नाही. आता तिसरा प्रश्न.

समजा तुम्ही नागपूर मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गाची फाइल करताय. 'स्थानक' हा घटक परत परत येतो: शंकर नगर, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स, झाशी राणी चौक, सीताबर्डी. स्कीमा फक्त एवढंच म्हणते की 'स्थानक' एक किंवा अधिक. तुम्ही ती अकारविल्हे लावलीत तरी स्कीमा खुशाल पास करेल. पण सीताबर्डीला उतरून ऑरेंज मार्ग पकडणाऱ्याच्या दृष्टीने त्या फाइलीत आता काही उरलं नाही. एकच घटक वारंवार येत असेल, तर तो क्रम अर्थाचा आहे असंच आधी धरा आणि मग विचारून खात्री करा.

नकाशाच्या फायलींत तर हे ठायी ठायी दिसतं. सकाळी फुटाळा तलावाकाठी फिरताना मोबाइलने नोंदवलेला माग जीपीएक्स फाइलीत येतो. त्यातल्या बिंदूंचा क्रम म्हणजेच तुमची वाट. प्रत्येक बिंदूच्या पोटात उंची आधी आणि वेळ नंतर हवी, हा स्कीमाचा क्रम. आणि अक्षांश-रेखांश अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणून ते कसेही. एकाच फाइलीत तिन्ही प्रकार! शिकायला याहून चांगली फाइल नाही, स्वतःच्या मोबाइलमधली काढून एडिटरमध्ये उघडून बघा.

केएमएल या नकाशाच्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत मात्र अक्षांश-रेखांशाला वेगवेगळं नाव नाही. एकाच घटकात स्वल्पविरामाने लिहायचे असतात आणि *रेखांश आधी*. आपण बोलताना आणि बहुतेक मोबाइल नकाशांवर अक्षांश आधी असतो. नागपूरसाठी ७९.०९,२१.१५ असं लिहायला हवं. उलटं लिहिलंत तर तुमचं संत्र्याचं गोदाम उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडतं. एररही येत नाही, कारण आपला रेखांश नव्वदच्या आत असल्याने तो अक्षांश म्हणूनही खपून जातो.

माणसांच्या नावांचंही हेच. आपल्याकडच्या फॉर्मवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. तीन वेगळे घटक केलेत तर क्रम गौण, कारण प्रत्येकाला स्वतःची ओळख आहे. तिन्ही एकाच घटकात स्पेस देऊन लिहिलेत, तर ओळख फक्त जागेवरून. मग परराज्यातला प्रोग्राम पहिला शब्द नाव समजतो आणि सगळ्या आडनावांचं बारसं करून टाकतो. जिथे तुमच्या हातात आहे तिथे वेगळे घटक करा.

ई-पुस्तकं करणाऱ्यांसाठी थोडक्यात. ईपबमध्ये 'मॅनिफेस्ट' ही सामानाची यादी आहे, तिच्या क्रमाला अर्थ नाही. 'स्पाइन' म्हणजे वाचायचा क्रम, तिथे एक ओळ वरखाली झाली तर प्रकरण वरखाली. बातम्यांच्या अ‍ॅटम फीडमध्ये नोंदींच्या क्रमाला अर्थ नाही असं मानकातच लिहिलंय. ताजं आधी हवं असेल तर तारीख पाहून लावा.

६. लिहिताना क्रमाने, वाचताना नावाने

फाइल तयार करताना स्कीमाचा क्रम काटेकोर पाळा, मग समोरचा कितीही म्हणो 'आमच्याकडे कसंही चालतं'. आज चालतं, उद्या त्यांनी प्रोग्राम बदलला की चालत नाही. प्रोग्राममध्ये रकान्यांची यादी एका जागी क्रमाने लिहून ठेवा आणि त्या यादीवरूनच घटक बाहेर काढा. आमचा पहिला प्रोग्राम नावं स्वतःच अकारविल्हे लावत होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

वाचताना मात्र 'तिसरा घटक म्हणजे गाडी' असं कधी लिहू नका. 'गाडी नावाचा घटक' म्हणा. आधीचा एखादा ऐच्छिक घटक गळला की चौथा घटक तिसरा होतो. आणि जिथे खरंच जागेने मोजायचं आहे, म्हणजे पहिला माल, दुसरा माल, तिथे एक लक्षात ठेवा: एक्सपाथ (एक्सएमएलमधले घटक शोधायची भाषा) एकपासून मोजतं, पायथॉनची यादी शून्यापासून.

डॉटनेटवर काम असेल तर एक्सएमएल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या डेटा-कॉन्ट्रॅक्ट-सिरियलायझरपासून जपा. त्याला काही सांगितलं नाही तर तो रकाने वर्णक्रमाने अपेक्षित धरतो आणि क्रम चुकलेला घटक आला तर ओरडत नाही, मुकाट्याने सोडून देतो. तुमच्या हातात येतो रिकामा रकाना. ओरडणारी चूक परवडली.

एक्सएमएलचं जेसन, म्हणजे माहिती लिहायच्या दुसऱ्या एका पद्धतीत रूपांतर, करून घ्यायची हल्ली फॅशन आहे. जेसनमध्ये यादीला क्रम असतो, 'ऑब्जेक्ट'च्या, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या गटाच्या, आतल्या नावांना नसतो. पावतीला याने धक्का लागत नाही. पण लेखासारखी फाइल असेल, परिच्छेद, चित्र, परिच्छेद, चित्र, तर बरेचसे रूपांतरक सगळे परिच्छेद एका यादीत आणि सगळी चित्रं दुसऱ्या यादीत टाकतात. कुठलं चित्र कुठल्या परिच्छेदानंतर होतं, ते गेलं, परत मिळत नाही. अशा फाइलीचं रूपांतर करण्याआधी दहा ओळींचा नमुना घालून बघा.

फाइल तीन-चार हातांतून जाणार असेल आणि क्रम अर्थाचा असेल, तर मी प्रत्येक घटकावर 'अनुक्रम' असं एक अ‍ॅट्रिब्यूट घालतो. काही जाणकारांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, एकच गोष्ट दोनदा लिहिली की दोन्हींत तफावत येण्याची सोय झाली. खरं आहे. पण तफावत दिसते तरी. हरवलेला क्रम दिसतही नाही.

७. सही झालेल्या फाइलीला हात लावू नका

डिजिटल सही लावण्याआधी फाइल एका ठरीव रूपात आणली जाते. त्या वेळी अ‍ॅट्रिब्यूट अकारविल्हे लागतात, म्हणून त्यांचा क्रम बदलला तरी सही टिकते. घटकांचा क्रम मात्र आहे तसाच धरला जातो आणि घटकांमधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. सही झाल्यावर एडिटरमधलं 'सुंदर मांडणी' करणारं बटण दाबलंत, तर आतलं एक अक्षर न बदलताही सही मोडते. क्रम, मांडणी, सगळं सहीच्या आधी.

८. समोरच्याला फोन करून हे विचारा, उत्तर मेलवर घ्या

- स्कीमा कुठल्या आवृत्तीची, आणि १.० की १.१?
- फाइल स्कीमाशी तपासून घेता, की थेट प्रोग्रामने वाचता?
- परत परत येणाऱ्या घटकांचा क्रम तुम्ही कशासाठी वापरता?
- नको असलेला ऐच्छिक घटक गाळायचा, की रिकामा पाठवायचा?
- नवीन घटक आला तर तो कुठे बसेल, आणि आम्हाला किती दिवस आधी कळेल?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचाराच. मृग बहाराचा माल निघत असताना, फेब्रुवारीत, त्याच खरेदीदाराने 'तापमान' नावाचा घटक वाढवला. तो गाडीनंतर आणि मालाआधी बसवायचा होता. मेल आठ दिवस आधी आला होता. भिंतीवरच्या कागदावर दोन नावांच्या मधे पेनने एक ओळ घुसवली, प्रोग्रामच्या यादीत एक शब्द वाढवला, एक्सएमएल-लिंटवर तपासून पाहिलं. त्या रात्री गाडी बुटीबोरीच्या पुढे जायच्या आत बिल पास झाल्याचा निरोप आला होता. शेठ तोवर झोपलेही होते.